रिकामे डबे

डोंगरे लेआउटमध्ये कुणाच्या घरच्या पोहण्याच्या पुलाचं पाणी फाटलं, की ते आधी वासावरून कळतं. क्लोरीनचा तो दवाखान्याच्या फरशीसारखा वास फाटकाबाहेर येतो, आणि मग त्या घरची बाई दोन-चार दिवस संध्याकाळच्या चहाला दिसत नाही. दूध नासलं तर त्याचं पनीर करून वेळ मारून नेता येते. नासलेल्या पाण्याचं काय करणार? लाज वाटते माणसाला. अशा वेळी मी डबा भरते.

मी शिल्पा भोयर. वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर माझी उभी हयात गेली. म्हणजे लोक उभे, मी बसलेली. इतकी वर्षं फक्त कुरकुर ऐकली. निवृत्तीनंतर मात्र कानांना आराम मिळाला, कारण माझ्या पुलाबद्दल आजवर एकाही माणसाने तक्रार केलेली नाही.

पूल म्हणायचं एवढंच, ऐपत हौदाची. दोन खोल्यांएवढा, छातीभर खोल. पूर्वी घरी पूल असणं ही श्रीमंती होती. आता एप्रिल-मे महिन्यांत नागपूरला रोज दुपारबंदी असते, दुकानं-कचेऱ्या सगळं बंद, आणि अंग पाण्यात बुडवून ठेवल्याशिवाय म्हाताऱ्या माणसांचं काही खरं नसतं. म्हणून नव्या लेआउटमध्ये घरोघरी पूल सक्तीचे झाले. पण पाणी वर्षातून एकदाच भरू देतात. पुढे उडून जाईल तेवढंच नळाने भरायचं. थोडक्यात, एकाच पाण्यात अख्ख्या घराने, पाहुण्यांसकट, वर्षभर डुंबायचं.

असं पाणी स्वच्छ ठेवायचं तर पूर्वी क्लोरीनच होतं. डोळे लाल व्हायचे, कातडीला भेगा पडायच्या. कुणी ओझोनची यंत्रं लावली, कुणी तांब्याच्या कांड्या सोडल्या. मग जिवंत पाणी आलं आणि लोक क्लोरीनला नाक मुरडायला लागले.

जिवंत पाण्याचं यंत्र म्हणजे पुलाच्या कडेला बसवलेलं माठाएवढं पिंप. त्यात भाजलेल्या मातीच्या जाळीदार चकत्या असतात, आणि त्या चकत्यांवर प्रयोगशाळेत घडवलेल्या सूक्ष्मजीवांची साय धरते. पंप पुलाचं पाणी तिच्यावरून फिरवत राहतो. माणसाच्या अंगाचा घाम, तेल, मेलेली कातडी आणि लहान मुलं जे कधी कबूल करत नाहीत ते, सगळं ही साय खाऊन टाकते. पाण्यात खायलाच काही उरलं नाही तर रोगाचे जंतू वाढणार कशावर? एसटीतल्या सगळ्या जागा सभ्य माणसांनी आधीच धरून ठेवल्या की टवाळांना टेकायला जागा मिळत नाही, तसं आहे ते. नळाच्या पाण्यातून थोडं क्लोरीन रोज येतंच. त्याने साय मरू नये म्हणून तिला क्लोरीन गिळायलाही शिकवलेलं असतं. हा तिचा मोठा गुण. आम्हाला पुढे तोच नडला.

साय कंपनीकडे विकत मिळते, पण नवी कोरी साय आमच्या उन्हात टिकत नाही. माझी टिकली. का टिकली ते मला माहीत नाही. एखाद्याच घरी दही घट्ट लागतं, तसं असेल. आधी शेजारच्या ज्योत्स्नाने मागून नेली, तिच्याकडून मागच्या गल्लीत गेली, आणि बघता बघता अख्खा लेआउट माझ्या सायीवर पोहायला लागला. आम्ही तिला विरजणच म्हणतो.

आता माझी एक रीत. अडलेल्याला मागायला लावायचं नाही. एखाद्याचं पाणी फाटलं, त्याने क्लोरीन ओतून सगळं मारून काढलं, की दुपारबंदीत ते लोक झोपलेले असताना मी डोक्यावर ओला पंचा घेऊन मागच्या वाटेने जाते, डबाभर विरजण त्यांच्या पाण्यात ओतते आणि डबा काठावर ठेवून येते. डब्यावर माझं नाव कोरलेलं असतं, पण ते वाचलं असं कुणी दाखवत नाही. एखादा डबा वर्षानुवर्षं तिकडेच राहतो, बाकी आठवडाभराने परत येतो. कधी त्यात संत्रा बर्फी असते, कधी सांडगे, काहीच नसेल घरात तर मूठभर साखर. भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आपली सगळ्यांचीच रीत. या दोन रीतींवर आमचं बरं चाललं होतं.

फेब्रुवारीत माझा ओजस आणि सून सानिका पुण्याहून कायमचे राहायला आले. सानिका सांगलीची. तिला रक्ताचा कर्करोग झाला होता. दुसऱ्या कुणा भल्या माणसाच्या हाडातल्या मगजाच्या पेशी तिला दिल्या, आणि पोर वाचली. पण त्या पेशींना हे शरीर आपलं वाटेना. त्यांनी तिच्याच कातडीवर आणि सांध्यांवर हल्ला केला. हात खांद्याच्या वर जाईनात, कोपरं पुरती वाकेनात.

"पोळ्या लाटता येत नाहीत त्याचं काही नाही, आई," पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली. "पण स्वतःचं नाक खाजवता येत नाही." ती हसली. मला काही हसू आलं नाही.

तिने माझ्याकडे एकच मागणं मागितलं. लेआउटमध्ये कुणाला सांगायचं नाही. आजारपणात सांगलीला तिला बघायला माणसांची रीघ लागायची. एक मावशी तर तिच्या उशाशी बसून, तिच्यादेखत, "किती गुणी पोर होती" असं म्हणून रडली होती. सानिकाने तेव्हाच ठरवलं होतं, की पुन्हा कुणाला आपल्याकडे त्या नजरेने बघू द्यायचं नाही. मी शब्द दिला. बाहेर लोक म्हणायला लागले की भोयरबाईंची सून भलतीच भाव खाते, तोंड दाखवत नाही. मी ते गिळलं. तक्रार खिडकीवर बसलेल्या बाईला गिळायची सवय असते.

मार्चमध्ये इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, की आता पाण्यात व्यायाम हाच उपाय. पाण्यात अंगाचं ओझं कमी होतं, आखडलेला सांधा हळूहळू सैल होतो. या उन्हाळ्यात सांधे सुटले तर सुटले. पावसाळ्यापर्यंत तसेच राहिले तर मग जन्माचे तसेच. मी म्हटलं, "घरचा पूल आहे, आजपासून सुरू करते."

"जिवंत पाणी आहे का?" डॉक्टरांनी विचारलं. मी अभिमानाने हो म्हटलं. ते म्हणाले, "मग त्यात पायसुद्धा घालायचा नाही."

त्यांनी समजावलं ते असं. सायीतले जीव निरुपद्रवी खरे, पण कुणाला? ज्याच्या शरीराच्या दारावर पहारेकरी जागे आहेत त्याला. सानिकाचे पहारेकरी म्हणजे त्याच नव्या पेशी. त्यांनी तिच्यावरच हल्ला करू नये म्हणून औषधांनी त्यांना गुंगीत ठेवलेलं. अशा घरात सभ्य पाहुणासुद्धा शिरला तर मालक होऊन बसतो. एखादा जीव तिच्या फुप्फुसात गेला तर तो तिथे वाढेल, आणि त्याला अडवणारं कुणी नसेल. तिला चालेल ते फक्त क्लोरीनचं पाणी, आणि तेही ज्यात क्लोरीन शिल्लक आहे असं रोज मोजून दिसेल ते.

रात्रीच्या जेवणाला ओजस भातात बोट फिरवत म्हणाला, "आई, तुझं विरजण..."

"मारून टाक," मी म्हटलं.

हे म्हणताना माझा आवाज नीट होता. रडले नंतर, स्वयंपाकघरात, कांदा चिरायचा नसताना. मला त्या सायीचं वेड होतं हे कबूल करते. लेआउटमध्ये माझी जी काही ओळख होती ती तिच्यामुळे होती. पण ज्या पाण्यात घरची लेक उतरू शकत नाही त्या पाण्याचं कौतुक करून काय करायचं?

ओजसने पूल रिकामा केला आणि वर्षाचा पाण्याचा कोटा वापरून पुन्हा भरला. म्हणजे आता हे पाणी बिघडलं तर पुढच्या मार्चपर्यंत दुसरं नाही. त्याने पिंप सोडवलं, चकत्या उन्हात टाकल्या, गाळणीतली वाळू बदलली आणि क्लोरीन टाकलं.

क्लोरीन आपलं-परकं बघत नाही. समोर जे जिवंत, चिकट, तेलकट येईल त्याला ते भिडतं आणि भिडताना स्वतःही खर्ची पडतं. म्हणून किती टाकलं याला अर्थ नसतो, सगळ्यांना पुरून उरलं किती त्याला असतो. ते उरलेलं क्लोरीन म्हणजे खरा पहारा. आमच्या नळ्यांच्या आत सायीचे थर होते. सुरुवातीला टाकलेलं क्लोरीन तेच खात राहिले. पाणी चहाच्या रंगाचं झालं, कोपऱ्यांत शेवाळी तार धरली, गाळणी तुंबली. ओजस धुवायचा, पुन्हा टाकायचा. शेवटी एका सकाळी पाणी काचेसारखं झालं आणि भिंतीवरचा दिवा हिरवा लागला. तो दिवा पाण्यातलं शिल्लक क्लोरीन मोजतो. पुरेसं असेल तर हिरवा, नाहीतर लाल. डॉक्टरांनी सांगितलं होतं की सलग आठवडाभर हिरवा राहिला, तरच सानिकाने उतरायचं.

आणि हो, मी एक डबा ठेवला होता. फ्रीजमध्ये, लोणच्याच्या बरणीमागे. विरजण सगळं कधी संपवायचं नसतं, असं आईने शिकवलेलं. सानिका बरी झाली की पुन्हा लावू, एवढंच मनात होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवा लाल झाला.

आधी आम्ही उन्हावर ढकललं. ऊनही क्लोरीन खातं. ओजसने हिरवी जाळी ताणून बांधली. दिवा सकाळी हिरवा आणि दुपारनंतर लाल. मग नळीत थर उरले असतील म्हणून त्याने नळ्या बदलल्या. सकाळी हिरवा, संध्याकाळी लाल. क्लोरीनची पिंपं येत राहिली, वास रस्त्यापर्यंत जायला लागला. एप्रिल संपला. सानिका रोज सकाळी पोहायचे कपडे घालून खिडकीशी बसायची, दुपारी औषधांच्या गुंगीत पडायची आणि संध्याकाळी कपडे बदलायची. एका हाताने तिला आता पेलाही धड धरवत नव्हता.

मग एक दिवस ओजस फ्रीजमध्ये लोणचं शोधायला गेला.

"आई, हे काय आहे?" डबा त्याने ओट्यावर ठेवला.

"दिसत नाही का? विरजण आहे."

"तू पुलात टाकून राहिली?"

"नाही."

"मग रोज क्लोरीन कोण खाऊन राहिलं? साय जिवंत असल्याशिवाय इतकं क्लोरीन जात नाही, आई. रोज दुपारी मी झोपतो, अन् रोज दुपारीच जाते."

मी म्हटलं, "ओजस, मी तुझी आई आहे की त्या पाण्याची?"

"तेच विचारून राहिलो," तो म्हणाला.

सानिका दारात उभी होती. तिने माझ्याकडे सरळ बघून विचारलं, "आई, तुम्ही टाकलं का?"

"नाही गं."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. त्या 'बरं'मध्ये विश्वास होता की दमणूक, हे मला कळेना. ओजसच्या बोलण्यापेक्षा तेच मला जास्त लागलं.

मी अंगणात बादली घेतली, क्लोरीनचं पाणी केलं आणि ओजसच्या डोळ्यांसमोर डबा त्यात उपडा केला. फेस आला, बादली तपकिरी झाली आणि मग पांढरी पडली. माझ्या घरातलं विरजण संपलं. मला वाटलं, निदान आता घरात माझ्याकडे कुणी वाकडं बघणार नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवा लाल होता. ओजसने फक्त एकदा फ्रीजकडे पाहिलं. माझ्या पोटच्या पोराला मी चोर वाटत होते, आणि उन्हाळा हातातून चालला होता.

तेव्हा मी ठरवलं, की दुपारी झोपायचं नाही. ज्या अर्थी दुपारी जातं, त्या अर्थी दुपारीच काहीतरी होतं. दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, लेआउट दुपारबंदीत गपगार झाला, तशी मी मागच्या व्हरांड्यात कूलरच्या आडोशाला खुर्ची टाकून बसले. बाहेर पक्षीसुद्धा हलत नव्हता. डोळा लागणार तेवढ्यात मागचं लहान फाटक वाजलं.

आत आले ते खोब्रागडे सर. आमच्या मागच्या बाजूलाच राहतात, हायस्कुलाचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, चुकून कुणाच्या कुंडीतलं फूल तोडणार नाहीत असे. डोक्यावर ओला पंचा. चप्पल हातात, पाय पोळत असल्यामुळे उड्या मारल्यासारखे चालत होते. दुसऱ्या हातात डबा. पुलाच्या काठाशी ते गुडघे धरत बसले, झाकण काढलं आणि अगदी हलक्या हाताने, देवाला दूध घालावं तसं, पाण्यात ओतायला लागले.

"सर, काय करून राहिले तुम्ही?"

सर इतके दचकले की अर्धा डबा त्यांच्याच हातात राहिला. मी जवळ गेले. डब्यावर माझंच नाव होतं. दोन वर्षांपूर्वी मीच त्यांच्या काठावर ठेवून आलेला डबा.

"वहिनी, तुम्ही झोपल्या नाही?" ते म्हणाले. मग चोरी पकडली गेल्यावर मुलं सांगतात तसं त्यांनी भडाभडा सांगून टाकलं. "आज माझी पाळी होती."

"कसली पाळी?"

"तुमचं पाणी फाटलं ना. ज्योत्स्नाताईंना क्लोरीनचा वास आला. त्या म्हणाल्या, शिल्पावहिनी मरतील पण मागणार नाहीत. आम्ही म्हटलं, मागायला कशाला लावायचं? तुम्ही आम्हाला कधी लावलं का? तर मग पाळ्या लावल्या. रोज एकाने दुपारी यायचं अन् न सांगता टाकून जायचं, तुम्ही टाकता तसंच. पण तुमचं काही लागूनच नाही राहिलं, बाप्पा. रोज पुन्हा वास येतेच. म्हणून या हप्त्यापासून दोघं दोघं येऊन राहिलो. ज्योत्स्नाताई तुमच्या जेवणाच्या वेळेलाच टाकून गेल्या."

मी काठावर खालीच बसले. फरशी भाजत होती तेही उशिरा कळलं. महिनाभर मी ऊन, वाळू, नळ्या, स्वतःचं नशीब, सगळ्यांवर संशय घेतला होता. कुणी मला काही द्यायला येत असेल हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. मी देणारी होते ना. त्यांचा प्रत्येक डबा पाण्यात पडल्यावर मरत होता, पण मरता मरता क्लोरीन गिळून जात होता, जसं त्याला शिकवलं होतं. आणि गुपचूप येऊन टाकायचं, हे या माणसांना मी शिकवलं होतं.

"सर, हे बंद करा," मी म्हटलं. "सगळ्यांना सांगा."

"का?"

"ते सांगता येत नाही."

सर समजुतीने हसले. "वहिनी, देणाऱ्याला घेणं जड जाते, मला माहीत आहे. पण हे विरजण तुमचंच आहे. तुमच्या पिंपातून आमच्याकडे आलं, आता आमच्याकडून तुमच्याकडे चाललं. आम्ही काही उपकार नाही करून राहिलो." असं म्हणून त्यांनी उरलेला अर्धा डबा ओतायला हात पुढे केला.

मी त्यांचं मनगट धरलं. आमच्या वयाची माणसं असं धरत नाहीत. सर गोंधळले, मीही गोंधळले, पण सोडलं नाही. एकीकडे सानिकाला दिलेला शब्द आणि दुसरीकडे तो डबा. तोंड उघडलं तर तिचा विश्वास जाणार आणि नाही उघडलं तर तिचे हात जाणार. मी नुसती "नका ना, सर" म्हणत राहिले.

"सर, ते पाणी माझ्यासाठी मारलंय."

सानिका व्हरांड्यात उभी होती. डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क, दोन्ही हात अंगाशी चिकटल्यासारखे. ती त्या उन्हात पायऱ्या उतरून आली. तिने थोडक्यात सांगितलं. आजार, नव्या पेशी, सांधे, डॉक्टर, पावसाळा. कुठे आवाज चढवला नाही की पाडला नाही. शेवटी म्हणाली, "आईंनी कुणाला सांगितलं नाही, कारण मी नको म्हटलं होतं. माझी चूक झाली."

सरांनी तिच्या हातांकडे पाहिलं, मग डब्याकडे. त्यांनी झाकण घट्ट लावलं आणि डबा पाठीमागे धरला.

"बाळ, आम्ही इतके दिवस तुझ्या पाण्यात विष टाकून राहिलो होतो," ते म्हणाले.

"नाही सर. तुम्ही विरजणच टाकत होता," सानिका म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आई, त्या दिवशी मी 'बरं' म्हणाले ना, ते मला खरंच वाटलं म्हणून म्हणाले. तुम्हाला लागलं ते मला नंतर तुमच्या तोंडावरून कळलं."

मी तिच्या रुमालाची सुटलेली गाठ बांधून दिली.

"सगळ्यांना सांगू का?" सरांनी तिला विचारलं, मला नाही.

"सांगा. पण मला बघायला कुणी यायचं नाही. मी पाण्यात असताना तर मुळीच नाही. आणि कुणी रडायचं नाही."

"उभा जन्म पोरांना सांगितलं, खिडकीबाहेर बघू नका," सर म्हणाले. "एकानेही ऐकलं नाही. आता बघतो, मोठी माणसं ऐकतात का." आणि चप्पल हातातच घेऊन ते तसेच उड्या मारत गेले.

त्या संध्याकाळी ओजस माझ्या पायाशी येऊन बसला. "आई..." त्याने सुरुवात केली.

"राहू दे," मी म्हटलं. "आधी क्लोरीन टाक."

त्याने टाकलं. वास सगळ्या गल्लीभर गेला, आणि पहिल्यांदाच मला त्याची लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला मागचं फाटक उघडलं, तर कंपाउंडच्या भिंतीवर डबे. एका ओळीत, झाकणं लावलेले, सगळ्यांवर माझं नाव. त्यातले काही मी इतक्या वर्षांपूर्वी दिले होते की परत यायची आशाच सोडली होती. मी एकेक उचलून पाहिला. सवयीने आधी कानाशी हलवला, आत काय वाजतंय बघायला. कशातच काही वाजलं नाही. बर्फी नाही, सांडगे नाहीत, साखरेचा कणसुद्धा नाही. प्रत्येक डब्याला आतून क्लोरीनचा वास येत होता. बोटभर सायसुद्धा चिकटून राहू नये म्हणून लोकांनी ते क्लोरीनने घासले होते. उसनी सुई परत करतानाही बरोबर गुळाचा खडा आणणाऱ्या ज्योत्स्नाने माझा डबा कोरडा ठणठणीत पाठवला होता. ते करताना तिच्या जिवाला किती लागलं असेल, हे मी जाणते. मी तिथेच भिंतीला धरून उभी राहिले आणि रडले. रडायचं नाही हा नियम मला लागू नव्हता.

डबे मी आत आणले नाहीत. भिंतीवर तसेच राहू दिले.

दिवा संध्याकाळी हिरवा होता. दुसऱ्या दिवशीही. आठवडाभर हिरवा राहिला तेव्हा डॉक्टरांनी आकडे बघून होकार दिला.

सानिका पहिल्यांदा पाण्यात उतरली त्या सकाळी मी सहज वर पाहिलं. आमच्या पुलाकडे तोंड असलेली एकूण एक खिडकी बंद होती. ज्योत्स्नाची खिडकी घर बांधल्यापासून कधी लागलेली मी पाहिली नव्हती. तिला तर आतून चादर लावली होती. मागच्या घराच्या गच्चीत खोब्रागडे सर रोजच्यासारखे पेपर वाचत बसले होते, पण खुर्ची फिरवून, भिंतीकडे तोंड करून.

पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. ती नुसती छातीभर पाण्यात उभी राहिली आणि थकून बाहेर आली. दुसऱ्या दिवशी हात पाण्यावर तरंगू दिले. असं करत करत जून लागला. ओजस तिला धरून सावकाश हालचाली करून घ्यायचा, मी काठावर दिव्याकडे बघत बसायचे. आता तो माझा देव झाला होता.

एका सकाळी ती एकटीच पाण्यात होती. थांबली, उजवा हात पाण्यातून वर काढला, कोपरात वाकवला, दात ओठांवर दाबले आणि स्वतःचं नाक खाजवलं. चांगलं दोनदा. मग माझ्याकडे बघितलं. मी न बघितल्यासारखं केलं, कारण माझ्या डोळ्यांचं काही खरं नव्हतं.

तिने हात आणखी थोडा लांबवून भिंतीकडे केला. "आई, ते डबे इतके दिवस तिथेच आहेत. सगळे रिकामे आले?"

"सगळे."

तिने बोटाने त्या ओळीतले डबे मोजले.

"आमच्या सांगलीला रिकामं भांडं कुणी परत करत नाही," ती म्हणाली.

"आमच्याकडेही नाही करत," मी म्हटलं.